अर्ध्या मापाचं बाहुलीघर: लांबी नंतर, आधी जाडी

प्रश्न थोडक्यात असा आहे: काही वर्षं १:१२ मापात, म्हणजे एक इंच बरोबर एक फूट धरून, बाहुलीघरं केली. दोन घरांनीच खोलीचा एक कोपरा अडवला. आता निम्म्या मापावर, १:२४ वर यायचंय. तर जुने नकाशे सरळ अर्धे करून चालतील का? आयते कापलेले तुकडे असलेलं किट घ्यावं की स्वतः कापावं? आणि १:१२ चं जे सामान साठलंय त्याचं काय करायचं?

नकाशे अर्धे करून चालत नाहीत. बाकीची उत्तरंही या एका 'नाही'ला धरूनच येतात, म्हणून तिथून सुरू करते.

जागेचा हिशेब तुम्ही केलाच असेल. लांबी-रुंदी निम्मी झाली की घर टेबलावरची पूर्वीच्या पाव जागा घेतं, आणि उंचीही निम्मी होत असल्यामुळे एकूण आकारमान आठव्या हिश्श्यावर येतं. साठ बाय चाळीस सेंटिमीटरचं घर तीस बाय वीस होतं आणि पुस्तकांच्या कपाटात मावतं. या मोहापायीच बहुतेक लोक हाफ स्केलकडे वळतात, मीही तशीच वळले. पण घर अर्धं झालं तरी लाकडी पट्टीची, कागदाची, कापडाची, रंगाच्या थराची जाडी आपोआप अर्धी होत नाही. ती आहे तीच राहते, आणि गणित तिथे फसतं.

माझी पहिली हाफ स्केलची खुर्ची मी १:१२ चा नकाशा ५० टक्क्यांवर फोटोकॉपी करून बनवली होती. उंची बरोबर, बैठक बरोबर, पाठ बरोबर. पायांसाठी हाताशी तीन मिलिमीटरची चौकोनी पट्टी होती, तीच लावली. टेबलाशेजारी ठेवली तेव्हा काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळेना. दुसऱ्या दिवशी ३ गुणिले २४ केलं: ७२. म्हणजे खऱ्या घरात त्या खुर्चीचे पाय ७२ मिलिमीटर जाड झाले असते. खुर्ची कसली, हत्तीच होता तो. खऱ्या खुर्चीचा पाय साधारण ३५ ते ४० मिलिमीटरचा असतो, तर १:२४ मध्ये तो दीड मिलिमीटरचा हवा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. हातात येईल त्या वस्तूची जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजायची आणि २४ ने गुणायची. थोड्या दिवसांत आकडे पाठ होतात. साधा छपाईचा कागद ०.१ मिलिमीटरचा, म्हणजे तुमच्या घरात तो २.४ मिलिमीटरचा पत्रा झाला. ०.८ मिलिमीटरचं बर्च प्लायवुड १९ मिलिमीटर होतं. खऱ्या कपाटाचा बोर्ड जवळपास एवढाच जाड असतो, त्यामुळे कपाटं, शेल्फ, टेबलाचे वरचे भाग यांना त्याच्यासारखं दुसरं काही नाही. फोटो फ्रेमच्या आत लावतात तो दीड मिलिमीटरचा माउंट बोर्ड ३६ मिलिमीटर, म्हणजे नेमका दरवाजाचा पल्ला. पाव मिलिमीटरची पारदर्शक शीट ६ मिलिमीटरची काच होते, आणि एक मिलिमीटरचं ॲक्रिलिक घ्याल तर ती तब्बल २४ मिलिमीटर जाड. खिडकीला ते शोभत नाही.

भिंतींचं उलटं आहे. तिथे लोक पातळ करतात. किटमध्ये बहुतेकदा ३ मिलिमीटरचं एमडीएफ (लाकडाच्या भुश्श्याचा दाबून केलेला बोर्ड) किंवा प्लाय असतं. ते झालं ७२ मिलिमीटर. आतल्या हलक्या पार्टिशनला चालून जातं, पण बाहेरच्या विटांच्या भिंतीला नाही. नऊ इंची भिंत १:२४ मध्ये साडेनऊ मिलिमीटर येते. फरक कुठे दिसतो? खिडकीच्या कोंदणात. बाहेरून पाहताना काच भिंतीच्या तोंडाशीच आली की घर खोक्यासारखं दिसतं. मी बाहेरच्या भिंतींना आतून दुसरा थर चिकटवते आणि खिडकी त्या दोन थरांच्या मधे बसवते. घर वजनदार होतं, पण बाहेरून पडणारी सावली इतकी खरी दिसते की बाकी काही केलं नाही तरी चालेल.

बाकी मापं पटकन सांगते. एक मीटर म्हणजे ४१.७ मिलिमीटर, एक फूट म्हणजे १२.७. सात फुटी दार ८९ मिलिमीटर. नऊ फूट उंचीची खोली ११४. पाच फूट सात इंचांचा माणूस ७१ मिलिमीटर. जेवणाचं टेबल ३१, स्वयंपाकाचा ओटा ३५ ते ३६, खुर्चीची बैठक १८ ते १९. या यादीला दुसऱ्यांच्या नकाशापेक्षा जास्त मान द्या. आणि शंका आली की उठून घरातली खरी वस्तू मोजा.

आता ती खुर्चीच पुन्हा करू, या वेळी नीट.

लाकूड बासवुड घ्या, ते मऊ पण घट्ट, बारीक रेषांचं असतं. बाल्सा कापायला सोपा, पण दीड मिलिमीटरवर तो बोटाच्या दाबाने चेपतो आणि कडांना लव सुटते. ओक, साग अशा ठळक रेषांच्या लाकडाचा मोह टाळा. खऱ्या लाकडाच्या रेषा अर्ध्या होत नाहीत, त्यामुळे १:२४ च्या टेबलावर त्या ओंडका चिरल्यासारख्या दिसतात. फारच बारीक पाय हवे असतील तर बांबूची सळई उभी चिरून घ्या. बांबूचे धागे लांब असतात, एक मिलिमीटरचा पायही मोडत नाही.

नकाशा कागदावर काढा, काचेच्या तुकड्यावर दुहेरी टेपने चिकटवा आणि त्यावर बटर पेपर ताणा, म्हणजे गोंद खाली धरणार नाही. एका बाजूला दोन पट्ट्यांचा काटकोन चिकटवून ठेवा. सगळे तुकडे त्या काटकोनाला टेकवूनच जोडायचे. खुर्चीची डावी आणि उजवी बाजू आधी आडवी, सपाट करून घ्या: मागचा पाय ३६ मिलिमीटर, पुढचा १८, मधे वर-खाली दोन आडव्या पट्ट्या. दोन्ही बाजू एकमेकींवर ठेवून पाहा. पाव मिलिमीटरचाही फरक असेल तर आत्ताच ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासून काढा. एकदा चार पाय जोडल्यावर डुगडुगणारी खुर्ची सरळ करणं म्हणजे एक पाय घास, मग दुसरा घास, आणि शेवटी हातात पाट.

गोंद पांढरा पीव्हीए, टाचणीच्या टोकावर येईल तेवढाच. पण त्याच्याही आधी स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा पातळ रंग. लाकडाला जिथे गोंदाचा ओघळ लागतो तिथे नंतर स्टेन भिनत नाही, पांढरट डाग राहतो, आणि या मापात तो डाग ताटाएवढा दिसतो. म्हणून पट्ट्या अखंड असतानाच रंगवायच्या, वाळवायच्या, मग कापायच्या. कापलेली टोकं उघडी पडतात, त्यांना त्याच स्टेनमध्ये बुडवलेल्या ब्रशचं टोक टेकवायचं. सुकल्यावर दोन्ही बाजू उभ्या करून पुढच्या-मागच्या आडव्या पट्ट्या लावा. बैठक ०.८ च्या प्लायची. पहिल्या खुर्चीला मला एक संध्याकाळ लागली. साच्यावर नंतरच्या पाच खुर्च्यांनाही मिळून एकच संध्याकाळ लागली, त्यामुळे सेट करायचा असेल तर सगळे तुकडे एकदमच कापून घ्या.

जमिनीसाठी मात्र महागड्या लाकडाच्या नादी लागू नका. कॉफी ढवळायच्या लाकडी पट्ट्या साडेपाच मिलिमीटरच्या आसपास रुंद असतात, म्हणजे १३ सेंटिमीटरची फळी झाली. जाडी इथे दिसतच नाही. गोल टोकं छाटा, सांधे एका ओळीत येऊ देऊ नका, आणि एकेका फळीला किंचित वेगळा स्टेन द्या.

कापड हा हाफ स्केलमधला सर्वांत हट्टी विषय आहे. १:१२ मध्ये पातळ सुती पडदा थोडासा तरी लोंबतो. १:२४ मध्ये तोच पडदा लहान मुलीच्या कडक फ्रॉकसारखा उभा राहतो. कारण साधं आहे: कापडाचा तुकडा लहान झाला, त्याला खाली ओढणारं वजन घटलं, पण कापडाचा ताठरपणा जिथल्या तिथे. त्यामुळे पडद्याला लोंबायला सांगून उपयोग नाही, त्याला तसा बनवावा लागतो. पातळ रेशीम किंवा कित्येकदा धुतलेला जुना सुती रुमाल घ्या. थर्माकोलच्या तुकड्यावर प्लास्टिकची पातळ फिल्म ताणा, पडदा त्यावर ठेवून टाचण्यांनी एकेक चुणी पाडा, एक भाग पीव्हीए आणि तीन भाग पाणी असं मिश्रण फवारा आणि रात्रभर ठेवा. कडा दुमडून शिवू नका. दुमड म्हणजे दुप्पट जाडी. जिथे कापायचं त्या रेषेवर गोंदाचा हात फिरवा, सुकू द्या आणि बरोबर त्या रेषेवरच कापा. धागे सुटत नाहीत.

पलंगपोसाच्या आत ॲल्युमिनियम फॉइल घाला, घडी जिथे पाडाल तिथे राहते. उशांमध्ये कापूस भरू नका, त्या फुग्यासारख्या फुगून बसतात. बारीक धुतलेली, पूर्ण वाळलेली वाळू भरा, तीही अर्धीच. मग उशी कोपऱ्यात टेकवली की कुणीतरी नुकतं उठून गेल्यासारखी कलते. छापील कापड निवडताना पुन्हा २४ चा गुणाकार: कापडावर एक सेंटिमीटरचं फूल असेल तर ते घरात सूर्यफुलाएवढं होईल.

रंगाबद्दल दोनच गोष्टी. चकाकी टाळा, खऱ्या घरातलं पॉलिश केलेलं लाकूडसुद्धा या मापात मॅट किंवा फार तर सॅटिन दाखवावं, नाहीतर सगळं प्लास्टिकचं वाटतं. आणि रंग आपल्याला हवा त्यापेक्षा एक छटा फिका घ्या. लहान वस्तूवर गडद रंग अधिकच गडद वाटतो. ब्रश भरून एक जाड हात देण्यापेक्षा पाणी घालून पातळ केलेले तीन हात द्या. भिंत एकाच बाजूने रंगवली की वाकते, हे मी माझ्या पूर्ण तयार झालेल्या दर्शनी भागाची वाटी झाल्यावर शिकले. मागची बाजू कुणी पाहणार नसली तरी तिलाही प्रायमर लावायचाच.

जिन्याकडे या. नवीन लोक जिना शेवटी करतात आणि मग रडतात. एका जमिनीपासून वरच्या जमिनीपर्यंत दहा फूट धरले तर १२७ मिलिमीटर. पायरीची उंची ७ मिलिमीटर, म्हणजे १८ उंच्या. पाय ठेवायची जागा ११ मिलिमीटर, तशा सतरा, म्हणजे सरळ जिना १८७ मिलिमीटर लांब झाला. आणि बारा फुटी खोली आहे १५२ मिलिमीटरची! म्हणून एक तर जिना मधे वळवा, नाहीतर दोन खोल्यांच्या लांबीची जागा राखा, पण हे भिंती कापण्याआधी ठरवा. दुसरं म्हणजे चुका साठत जातात. प्रत्येक पायरी फक्त ०.२ मिलिमीटर जास्त झाली तरी अठराव्या पायरीला ३.६ मिलिमीटरची तफावत येते, म्हणजे अर्धी पायरी. एकच लांब पट्टी नीट सात मिलिमीटरवर आणून तिचेच तुकडे करा, तुकडे वेगवेगळे मापून कापू नका.

हात आत जाणार का, याचाही विचार जिन्याबरोबरच करा. ११४ मिलिमीटर उंचीच्या खोलीत माझा हात जातो, पण आत वळत नाही. म्हणून हल्ली मी प्रत्येक खोली वेगळ्या खोक्यासारखी करते: जमीन, मागची भिंत आणि एक बाजू, टेबलावर ठेवून पूर्ण सजवायची आणि मग खणासारखी घराच्या सांगाड्यात सरकवायची. दिवे दुरुस्त करायलाही हेच सोयीचं.

दिव्यांमध्येही जाडीच. ५ मिलिमीटरचा एलईडी म्हणजे १२० मिलिमीटरचा गोळा. ३ मिलिमीटरचा ७२, तो एखाद्या मोठ्या बल्बएवढा, छताला कसाबसा चालेल. टेबललॅम्पला मात्र चिप एलईडीच हवा. ०६०३ नावाचा जो प्रकार मिळतो तो १.६ बाय ०.८ मिलिमीटरचा असतो. त्याला बारीक इनॅमल तार आधीच जोडलेली मिळाली तर तीच घ्या, डोळे वाचतील. १२ व्होल्टचा पुरवठा असेल तर प्रत्येक पांढऱ्या एलईडीला स्वतंत्र रेझिस्टर (वीजप्रवाह कमी करणारा छोटा भाग) लावा. एलईडी स्वतः साधारण ३ व्होल्ट घेतो, उरलेल्या ९ व्होल्टना १ किलोओहम लावला तर ९ मिलिअँपिअर वाहतात. माझ्या मते एवढाही उजेड भगभगीत होतो, मी २.२ किलोओहम लावते. छटा वॉर्म व्हाइट. तारा भिंतीत खाच पाडून वॉलपेपरच्या आधी बसवायच्या, आणि वॉलपेपर लावण्याआधी सगळे दिवे एक रात्र सलग पेटते ठेवायचे. जो जायचा तो त्याच रात्री जातो. भिंत फोमबोर्डची असेल तर ती उजेड पार जाऊ देते, म्हणून मागून आधी काळा रंग द्या.

वॉलपेपर घरच्या इंकजेटवर छापत असाल तर आधी मॅट फिक्सेटिव्ह (शाई पक्की करणारा स्प्रे) फवारा, नाहीतर गोंदातल्या पाण्याने शाई पसरते. कागद थेट भिंतीवर लावण्यापेक्षा पातळ कार्डवर लावून ते कार्ड भिंतीच्या मापाने कापून बसवा. पुढे मन बदललं तर काढता येतं.

आता किट. पहिल्या घराचा सांगाडा किटचा घ्यायला माझी काहीच हरकत नाही. काटकोन बरोबर येतात आणि खिडक्या-दारं एकसारखी कापलेली मिळतात. पण घराआधी एकच खोली करा, असं मी आग्रहाने सांगेन. एका खोलीत जमीन, भिंत, खिडकी, दिवा, पडदा, फर्निचर सगळं येतं आणि ती महिन्याभरात पूर्ण होते. घर हातात घेतलेल्यांपैकी बऱ्याच जणांची छपरं वर्षानुवर्षं कपाटावर धूळ खात असतात. किट उघडलं की गोंदाला हात लावण्याआधी सगळं मास्किंग टेपने दोनदा कोरडं जोडून पाहा. लेझरने कापलेल्या कडा जळून काळ्या झालेल्या असतात, तिथे गोंद नीट धरत नाही. हलकंसं घासून घ्या. एमडीएफ घासताना मास्क लावा, ती धूळ फार बारीक असते. सुपरग्लू खिडकीजवळ नेऊ नका. त्याची वाफ पारदर्शक शीटवर पांढरं धुकं धरते. मी एकदा आठ खिडक्या एका दुपारी बसवून खोलीचं दार बंद केलं होतं, संध्याकाळी आठही खिडक्यांना मोतीबिंदू.

किटमधलं फर्निचर मात्र तपासून घ्या. बऱ्याच किटमध्ये सगळे तुकडे एकाच जाडीच्या शीटमधून कापलेले असतात, मग टेबलाचा पाय, खुर्चीची पाठ आणि कपाटाचं दार एकाच जाडीचं निघतं. सांगाडा किटचा, फर्निचर स्वतःचं, ही विभागणी मला सर्वांत पटते.

एक तुलना मनातून काढून टाका. विंडसर कॅसलमधलं क्वीन मेरीचं बाहुलीघर, जे एडविन लट्यन्सच्या आराखड्यावर १९२१ ते १९२४ मध्ये उभं राहिलं, किंवा शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधल्या ६८ थॉर्न रूम्स, म्हणजे छोट्या मापात सजवलेल्या खोल्या, ही सगळी कामं १:१२ ची आहेत. त्या पहिल्या घराच्या नळाला पाणी येतं आणि तिथल्या ग्रंथालयातली पुस्तकं उघडून वाचता येतात. १:१२ मध्ये वीस सेंटिमीटरचं पुस्तक जवळपास १७ मिलिमीटर असतं. तुमच्याकडे ते ८ मिलिमीटर आहे आणि त्याचं प्रत्येक पान घराच्या हिशेबात अडीच मिलिमीटर जाड. म्हणून पानं करू नका. लाकडाचा ठोकळा, त्याला रंगीत कागदाची पाठ, वरच्या कडेला फिकट पिवळा रंग. शेल्फवर चाळीस पुस्तकं असतील तर दोनच सुटी ठेवा आणि एक आडवं झोपवा. या मापात सगळं असणं जमत नाही, म्हणून काय गाळायचं ते ठरवावं लागतं. ड्रॉवरच्या मुठी लावा, ड्रॉवर उघडायची सोय एकाच टेबलाला करा.

बाहेरून आयतं मिळणारं सामानही आहे. छोट्या मोटारींचे मॉडेल १:२४ मध्ये मुबलक मिळतात, गॅरेज करायचं असेल तर उत्तम. १:२५ चं आलं तरी चार टक्क्यांचा फरक कुणाला दिसत नाही. बागेत चालवतात त्या मोठ्या रेल्वे मॉडेलच्या, १:२२.५ मापाच्या बाहुल्या जरा उंच माणसं म्हणून खपतात.

राहिलं तुमचं १:१२ चं सामान. मोजा आणि त्याचं नाव बदला. तिथली ४५ सेंटिमीटरची बुटकी तिवई इथे ९० सेंटिमीटरचं कन्सोल टेबल होते. जेवणाचं ताट मोठा ट्रे होतो, फुलदाणी दारातली कुंडी होते, पाण्याचा पेला छत्र्या ठेवायला लागतो. फ्रेम केलेली चित्रं चालतात, पण चौकट जाड असेल तर पातळ करून घ्या. १:१४४ ची छोटी घरं असतील, जी १:१२ च्या घरात बाहुलीघर म्हणून ठेवतात, तर ती इथे मुलांच्या खोलीतलं मोठं खेळणं होतील. मोठ्यांच्या खुर्च्या, सोफे आणि पलंग मात्र कुठेच बसत नाहीत, ते जुन्या घरात राहू द्या. फक्त मुलांच्या खोलीतल्या लहान खुर्च्या बाजूला काढा: १:१२ मध्ये ज्या मुलाच्या खुर्चीची बैठक २२ सेंटिमीटरवर असते, ती १:२४ मध्ये बरोबर ४४ वर येते. पाय किती जाड आहेत ते तेवढं आधी मोजून घ्या.